सासऱ्यांची जुनी बेसबॉल कार्डं: जपायची कशी, भिंतीवर लावायची कशी?

मृण्मयी_पिट्सबर्ग:

नमस्कार मंडळी. इथे नाणी, स्टँप, जुनी पुस्तकं जमवणारे बरेच जण आहेत आणि अमेरिकेतलेही खूप आहेत म्हणून इथेच विचारतेय. माझा नवरा इथलाच, पक्का पिट्सबर्गचा. माझे सासरे गेल्या हिवाळ्यात गेले आणि त्यांचं घर आवरताना अ‍ॅटिकमधे त्यांची बेसबॉल कार्डं सापडली. दोन बुटांचे खोके आणि एक जाडजूड बाइंडर. बहुतेक सगळी टॉप्स कंपनीची, १९५५ पासून साधारण १९७३ पर्यंतची, आणि जास्त करून पायरेट्सच्याच, म्हणजे पिट्सबर्गच्या टीमच्या, खेळाडूंची. लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून आलेली, आणि पुढे मोठे झाल्यावरही पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटेची तेवढी दरवर्षी घेत राहिले असावेत असं नवरा म्हणतो.

विकायची नाहीयेत, हे आधीच सांगते, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा किंमतच विचारतो. आम्हाला ती नीट जपायची आहेत आणि थोडी तरी रोज डोळ्यासमोर असावीत असं वाटतं. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला आजोबांबरोबर मॅच बघायची सवय होती. नवऱ्याच्या मनात हॉलमधे सोफ्याच्या वर मोठी फ्रेम करून सगळी चांगली कार्डं लावायची आहेत. पण त्या भिंतीवर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून चांगलं ऊन येतं. इथल्या एका दुकानदाराने सांगितलं आधी सगळी ग्रेडिंगला (कार्ड तपासून नंबर देतात तिथे) पाठवा, दुसरा म्हणाला लॅमिनेट करून टाका कायमची कटकट मिटेल. मला लॅमिनेट ऐकूनच कसंतरी झालं.

खोक्यातली कार्डं रबरबँडने बांधलेली आहेत आणि रबर वाळून कार्डांना चिकटलंय. बाइंडरच्या प्लॅस्टिकच्या पानांना उग्र वास येतो आणि हाताला तेलकट लागतात. सुरुवात कुठून करू?

जुनेकागद:

मृण्मयी, सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि लॅमिनेट अजिबात नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही! गरम प्लॅस्टिक एकदा पुठ्ठ्यात मुरलं की ते परत निघत नाही, मग ते कार्ड कार्ड राहतच नाही. मी न्यू जर्सीत असतो, जुने कागद आणि कार्डं हाच माझा छंद आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर तुकड्या तुकड्याने वाच.

पहिलं काम रबरबँड. ओढायचे नाहीत. छोटी कात्री घेऊन कापायचे आणि जिथे चिकटलंय तिथे तसंच राहू द्यायचं, नखाने खरवडलं तर खालचा छापील थर सोबत निघून येतो. वरचं आणि खालचं कार्ड बहुतेक खराब झालेलं असेल, कडेला खाच पडली असेल, पण मधली चांगली निघतात असा अनुभव आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून काम कर आणि कार्ड कायम कडेला धर, चित्रावर बोटं नकोत.

दुसरं ते बाइंडर. वास आणि तेलकटपणा म्हणजे ती मऊ पीव्हीसीची पानं आहेत, त्या काळात सगळीकडे तीच मिळायची. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं आणि कार्डाच्या वरच्या चकचकीत थरावर बसतं, कधी शाई उचलून घेतं. अ‍ॅटिकमधे उन्हाळ्यात जी भट्टी असते त्यात हे आणखी वेगाने होतं. तेव्हा बाइंडर खोक्यांच्याही आधी रिकामं कर. कार्ड खिशातून वर ओढून काढू नकोस, पानाची शिवण ब्लेडने तीन बाजूंनी उघड आणि प्लॅस्टिक कार्डावरून हळू सोलून काढ. प्लॅस्टिक सोलायचं, कार्ड नाही, हा फरक फार महत्त्वाचा आहे. आणि ब्लेड चालवताना धार कार्डापासून लांब, घाई नको.

आता ठेवायचं कशात. इथे बरेच जण फसतात ते मापात. आज ज्याला स्टँडर्ड कार्ड म्हणतात ते अडीच बाय साडेतीन इंच, पण टॉप्सने हे माप १९५७ पासून आणलं. त्याच्या आधीची, १९५२ ते १९५६ ची कार्डं मोठी आहेत, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. म्हणजे तुझी १९५५ आणि ५६ ची कार्डं साध्या पेनी स्लीव्हमधे (पातळ प्लॅस्टिकची पिशवी) किंवा नऊ खिशांच्या पानात कोंबलीस तर कोपरे गेलेच. त्यांच्यासाठी वेगळ्या मापाच्या स्लीव्ह आणि टॉपलोडर (वरून उघडी कडक प्लॅस्टिकची पाकिटं) मिळतात, आणि बाइंडरची आठ खिशांची पानंही मिळतात. खोकी उघडल्यावर आधी वर्षाप्रमाणे दोन ढीग कर, ५६ पर्यंतचा एक आणि ५७ पासूनचा एक, मग खरेदीला जा.

स्लीव्ह घेताना पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर लिहिलेलं बघायचं, पीव्हीसी नको. आधी मऊ स्लीव्ह, मग त्याच्यावर कडक टॉपलोडर. टॉपलोडरमधे कार्ड नुसतं टाकायचं नाही, आत बाहेर करताना कडा घासतात. वरचं तोंड बंद करायला सेलोटेप नको, रंगकाम करणाऱ्यांची निळी टेप येते ती लाव, डिंक उरत नाही. दोन प्लॅस्टिकच्या पाट्यांमधे स्क्रूने आवळायचे जुने होल्डर घरात सापडले तर त्यातून कार्डं लगेच काढ, त्या दाबाने कार्ड चेपतं आणि ग्रेडिंगवाले अशी चेपलेली कार्डं ओळखतात.

आणि काहीही पुसू नकोस. खोडरबर नाही, ओला कपडा नाही, मेणाचा डाग घालवायला स्टॉकिंग घासायचं वगैरे व्हिडिओ बघशील, तेही नाही. मागच्या बाजूला च्युइंगगमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा डाग असेल तर तो त्या कार्डाच्या इतिहासाचाच भाग आहे.

एडिसनकर:

जुनेकागद यांनी सगळं बरोबर लिहिलंय. फक्त ग्रेडिंगबद्दल माझं मत मांडतो. पीएसए, एसजीसी, बेकेट ही तीन नावं चालतात, पीएसए १९९१ पासून आहे. ते कार्ड तपासतात, १ ते १० मधे नंबर देतात आणि कडक पारदर्शक डबीत सील करून देतात, त्याला स्लॅब म्हणतात. नंबर मुख्यतः कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे की नाही यावर. विकायचं नसेल तर दोन खोके भरून कार्डं पाठवण्यात अर्थ नाही. प्रत्येक कार्डामागे फी, शिवाय जाण्यायेण्याचा विमा उतरवलेल्या पोस्टाचा खर्च, आणि साध्या खेळाडूच्या घासलेल्या कार्डाला त्या फीएवढीही किंमत नसते.

पण एक कार्ड मात्र बघून घ्या. १९५५ टॉप्सचं १६४ नंबरचं कार्ड आहे का? आडवं कार्ड, हिरवट रंगाचं, डाव्या-उजव्या बाजूला चेहरा आणि खेळतानाचं चित्र, खाली छापील सही. ते रॉबर्टो क्लेमेंटेचं रुकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड. पिट्सबर्गच्या मुलाने त्या वर्षी गमची पाकिटं फोडली असतील तर असायची चांगलीच शक्यता आहे. असेल तर ते ग्रेडिंगला पाठवाच, विकायचं नसलं तरी. त्याच्या नकला खूप निघाल्यात आणि पुढे तुमच्या मुलाला ते खरं आहे हे सिद्ध करावं लागू नये. कोपरे पार गेलेलं असलं तरी ते सहसा चार आकडी डॉलरचं कार्ड आहे, त्यामुळे विम्यासाठीही कागद हातात हवा.

मृण्मयी_पिट्सबर्ग:

आहे!! बाइंडरच्या पहिल्याच पानात मधोमध. नवरा अक्षरशः खाली बसला. कोपरे गोल झालेत आणि मधे एक बारीक घडी आहे पण चेहरा एकदम स्वच्छ आहे. त्याच्या बाजूचं कार्ड मात्र प्लॅस्टिकला चिकटलंय, पान उघडलं तरी एका कोपऱ्यात सुटत नाहीये. थांबलेय.

आणि अजून एक. १९६६ च्या क्लेमेंटेच्या कार्डामागे पेन्सिलीने रेघोट्या मारल्यात, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा ओळीने कडेपर्यंत. बहुतेक क्लेमेंटेचे त्या वर्षीचे हिट, म्हणजे यशस्वी फटके, मोजत होते. नवऱ्याची आई म्हणते रेडिओवर मॅच ऐकताना हातात कार्ड घेऊन बसायचे. दुकानदार म्हणाला हे खोडलं तर किंमत वाढेल. खोडू का?

जुनेकागद:

नको गं, मुळीच नको. दोन कारणं आहेत. पहिलं तर तू स्वतःच लिहिलंयस, ते तुमच्या घरचं आहे आणि त्या रेघोट्या म्हणजे सासऱ्यांच्या हातचं काम आहे. १९६६ लाच क्लेमेंटे नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, त्या सीझनची मोजणी त्यांच्या हाताने कार्डावर आहे, असं कार्ड दुसऱ्या कोणाकडे असणार नाही. दुसरं व्यवहाराचं कारण, खोडलेली जागा भिंगाखाली दिसतेच, कागदाचे तंतू उभे राहतात, आणि मग ग्रेडर त्याला लिहिलेलं कार्ड न म्हणता छेडछाड केलेलं कार्ड म्हणतो आणि ते जास्त वाईट. या क्षेत्रात छेडछाड हा सगळ्यात मोठा डाग आहे. होनस वॅगनर या जुन्या जमान्यातल्या खेळाडूचं जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड, ज्याला पीएसएने ८ दिले होते, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या हे ते पूर्वी विकणाऱ्या लिलावदाराने २०१३ मधे कोर्टात कबूल केलं, आणि आजही त्या कार्डाचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा तेच बोलतात.

चिकटलेल्या कार्डाबद्दल: थांबलीस ते उत्तम केलंस. चिकटलेल्या भागाभोवतीचं प्लॅस्टिक कापून घे आणि तेवढा तुकडा कार्डावर राहू दे. हेअर ड्रायर नको, लायटरचं पेट्रोल वगैरे नको. मग पेपर कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाला, दाखव. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशनच्या वेबसाइटवर आपल्या भागातले लोक शोधायची सोय आहे, कागद हा विषय निवडायचा. कार्ड साध्या खेळाडूचं असेल आणि खर्च करायचा नसेल तर तो तुकडा आयुष्यभर राहिला तरी फार बिघडत नाही, फक्त ते वेगळ्या स्लीव्हमधे ठेव, बाकीच्यांना लागायला नको.

फ्रेमवाली_टोरांटो:

मी कस्टम फ्रेमिंगच्या दुकानात काम करते, त्यामुळे भिंतीचा प्रश्न माझा. मृण्मयी, नवऱ्याला समजावून सांग, त्या दक्षिणेच्या उन्हाच्या भिंतीवर खरी कार्डं अजिबात नकोत. कुठल्याही काचेने तो प्रश्न सुटत नाही, आणि हे मी फ्रेम विकणारी असून सांगतेय.

यूव्ही अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक मिळतं आणि चांगलं मिळतं, म्युझियम ग्रेड काच ९९ टक्क्यांपर्यंत यूव्ही अडवते. पण लोकांना वाटतं की यूव्ही थांबलं म्हणजे रंग उडणं थांबलं, तसं नाहीये. साधा दिसणारा उजेडही रंग उडवतोच, फक्त सावकाश. आपल्याकडे सलूनच्या काचेवर हिरोंची पोस्टर्स असायची ना, दोन उन्हाळ्यांत सगळे निळे पडायचे, कारण लाल आणि पिवळा आधी उडतो आणि निळा मागे राहतो. कार्डांवरची शाईही त्याच चार रंगांची छपाई आहे. पायरेट्सचा तर रंगच पिवळा आणि काळा! आणि उडालेला रंग कोणीही परत आणू शकत नाही. घडी, मळ, डाग यावर कॉन्झर्व्हेटर काहीतरी करू शकतो, उडालेल्या रंगावर नाही.

स्लॅबबद्दलही एक गैरसमज असतो. स्लॅबमधलं कार्ड धक्क्यापासून आणि हातांपासून वाचतं, उन्हापासून नाही. स्लॅब खिडकीत उभे करून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

मग लावायचं कसं? मी काय करीन ते सांगते. जिन्याखालची, पॅसेजमधली किंवा जिथे थेट ऊन येत नाही अशी आतली भिंत निवड. बाहेरच्या थंड भिंतीवर नको, फ्रेमच्या मागे ओल धरते, फायरप्लेसच्या वर नको, स्वयंपाकघराला लागून नको. खोल फ्रेम कर, म्हणजे काच आणि कार्ड यात जागा राहील, कार्ड काचेला टेकलं तर चकचकीत थर काचेला चिकटतो. मागचा माउंटबोर्ड सुती रॅगचा, अ‍ॅसिड फ्री. कार्डाला डिंक, टेप, डबल टेप काहीही नाही, चारही कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे लावायचे आणि कार्ड त्यात बसवायचं. अजून चांगलं म्हणजे कार्ड आपल्या टॉपलोडरमधेच ठेवायचं आणि फ्रेममधे टॉपलोडर बसेल अशा खाचा करून घ्यायच्या. समोरून दार उघडणारी फ्रेम सांग, म्हणजे कार्डं बदलता येतील.

आणि बदलायचीच. नऊ कार्डांची एक फ्रेम, तीन चार महिन्यांनी नऊची नऊ बदलायची, आधीची अंधारात परत खोक्यात. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम हेच करतं. जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने आपला सगळा संग्रह त्यांना दिला, ३ लाखांच्या वर छापील वस्तू आणि त्यात ३० हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं, पण तुम्ही कधीही गेलात तरी भिंतीवर थोडीशीच दिसतात, ती पण मंद उजेडात, आणि काही महिन्यांनी बदलतात. एवढ्या मोठ्या म्युझियमला हा नेम पाळावासा वाटतो तर आपल्या हॉलमधे तो का नको?

नवऱ्याला ती सोफ्याची भिंतच हवी असेल तर तिथे प्रती लाव. ६०० डीपीआयला स्कॅन करून चांगल्या कागदावर छापून, हवं तर दुप्पट आकारात. मोठ्या केल्या की उलट जास्त छान दिसतात, चेहरे सोफ्यावरून दिसतात. फक्त प्रत्येकीच्या मागे मोठ्या अक्षरात प्रत असं लिहून ठेव, पन्नास वर्षांनी कोणाचा घोळ नको.

बोरिवली_स्टँप:

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही पण दमटपणातलं कळतं. मुंबईत स्टँप सांभाळतो म्हणजे दर पावसाळ्यात परीक्षा असते. कार्डं म्हणजे शेवटी पुठ्ठाच, तो हवेतली ओल पितो आणि सोडतो, आणि प्रत्येक वेळी थोडा वाकतो. म्हणून हवा कोरडी असण्यापेक्षा एकसारखी असणं जास्त महत्त्वाचं. ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि माणसाला बरं वाटेल तेवढं तापमान. वीस डॉलरच्या आत आर्द्रतामापक येतो, तो खोक्याशेजारी ठेवा. सिलिका जेल वापरत असाल तर रंग बदलणारं घ्या, भरलं की कळतं, नाहीतर जुन्या पुड्या वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहतात. अ‍ॅटिक नको हे आलंच वर, बेसमेंटही नको. बेडरूमच्या कपाटाचा वरचा कप्पा सगळ्यात बरा, बाथरूमच्या भिंतीला लागून नसेल तर.

डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, आपल्याकडची सवय असते. त्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात आणि वास कागदात बसतो तो जात नाही. कसर लागू नये म्हणून स्वच्छ बंद खोका पुरे.

एक शंका. एवढ्याशा पुठ्ठ्याला एवढे पैसे का मिळतात? वर वॅगनरचं नाव आलं म्हणून विचारतो.

एडिसनकर:

बोरिवली, दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. वॅगनरचं कार्ड टी२०६ या सेटमधलं, १९०९ ते १९११ मधे अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगरेटच्या पाकिटात घातलेलं. वॅगनरने आपलं चित्र छापायला नकार दिला, कोणी म्हणतं तंबाखूला विरोध होता, कोणी म्हणतं पैशाचा वाद होता, पण छपाई थांबली आणि आज साठच्या आसपासच कार्डं माहीत आहेत. २०२२ मधे एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. आणि वॅगनर पायरेट्सचाच हो मृण्मयी, कार्डावर पिट्सबर्ग शेवटचा एच नसलेलं छापलंय कारण तेव्हा सरकारदरबारी ते तसंच लिहायचे.

दुसरं १९५२ टॉप्सचं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड, ३११ नंबर. ती शेवटची सीरिज सीझन संपत आला तेव्हा बाजारात आली, पोरं तोवर फुटबॉलकडे वळलेली, माल पडून राहिला. शेवटी १९६० मधे टॉप्सच्या साय बर्गरने खोकेच्या खोके बोटीवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात टाकून दिले. त्या फेकाफेकीतून वाचलेलं एक चांगलं मँटल ऑगस्ट २०२२ मधे १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. उरलेली कार्डं पोरांनी सायकलच्या चाकात लावली, आयांनी फेकून दिली. याच्या उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेली कार्डं लोकांनी पैसे होतील म्हणून पेट्या भरून जपली आणि कंपन्यांनीही मापाबाहेर छापली, म्हणून ती आज कवडीमोल आहेत.

बे_एरिया_आई:

एक वेगळा मुद्दा मांडू का? सगळे जपण्याबद्दल बोलताय ते बरोबरच आहे पण मृण्मयीच्या मुलाचं काय? दहा वर्षांच्या मुलाला आजोबांची कार्डं नुसती काचेमागून बघायला लावलीत तर ती त्याची कधी होणारच नाहीत. माझ्या मुलीच्या बाबतीत बघितलंय, हात लावता आला तरच जीव लागतो.

दोन खोक्यांत साध्या खेळाडूंची, घासलेली, दुहेरी कार्डं ढिगाने असतील. त्यातली पन्नासेक त्याला दे. आठ आणि नऊ खिशांची पानं, बाइंडर डी आकाराच्या कड्यांचा घे, गोल कड्यांचा नको, गोल कड्यांवर आतली कार्डं दबून वाकतात. लावू दे त्याला हवी तशी, वर्षाने, टीमने, नावाने. मागचे आकडे वाचू दे. हात धुऊन बसायचं एवढा एकच नियम.

मृण्मयी_पिट्सबर्ग:

ताई, हे फार पटलं. मुलाने काल रात्री त्यातलं काहीतरी शोधून काढलं ते सांगते. क्लेमेंटेची कार्डं वर्षाप्रमाणे ओळीने मांडली तर १९५५ आणि ५६ ला रॉबर्टो छापलंय, मग १९५७ पासून १९६९ पर्यंत बॉब, आणि १९७० ला परत रॉबर्टो. आमच्याकडे मधली दोन तीन वर्षं नाहीत पण ओळ समजते. नवऱ्याला हे माहीत होतं, त्याचे वडील त्यावर चिडायचे म्हणे, माणूस पोर्तो रिकोचा, स्वतःला रॉबर्टो म्हणवतो, तुम्ही कोण बॉब करणारे. आता ठरलंय की पहिली फ्रेम हीच. पॅसेजमधल्या आतल्या भिंतीवर, समोरून उघडणारी. नऊ जागा, १९५५ च्या जागी मात्र प्रत. खरं कार्ड ग्रेडिंगला जाऊन आलं की कपाटात.

१९७३ चं कार्डही आहे, ५० नंबरचं. तो १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपाची मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला आणि हे कार्ड त्यानंतर आलं. ते शेवटच्या जागेवर.

दोन शेवटचे प्रश्न. १९५५-५६ ची मोठी आणि पुढची छोटी एकाच फ्रेममधे कशी बसवायची? आणि विम्याचं कोणी केलंय का?

फ्रेमवाली_टोरांटो:

फार सुंदर कल्पना आहे, मला फोटो पाठव झाल्यावर. माप असं: दोन्ही प्रकारचे टॉपलोडर समोर ठेवून बाहेरची मापं फ्रेमरला दे, कार्डांची नको. माउंटबोर्डात दोन मापांच्या खिडक्या कापता येतात. क्लेमेंटेची १९५५, ५६, १९६० आणि १९७३ ची कार्डं आडवी आहेत, बाकीची उभी, त्यामुळे खिडक्यांचा नकाशा आधी कागदावर काढून घे. १९५५ आणि ५६ वरच्या ओळीत घेतलीस तर नीट दिसेल, फक्त १९६० वर्षाच्या क्रमात मधे येतं आणि १९७३ शेवटी, तिथे जागा जास्त सोड. फ्रेमरकडे खरी कार्डं सोडून येऊ नकोस, रिकामे टॉपलोडर दे, कार्डं घरी आपल्या हाताने बसव.

जुनेकागद:

विम्याचं: घराच्या साध्या पॉलिसीत अशा संग्रहाला बहुतेक वेळा मर्यादा असते, आणि पुरासारख्या गोष्टी तर त्यात धरतच नाहीत. आधी आपल्या एजंटला लेखी विचार, किती रकमेपर्यंत आणि कशाकशासाठी. कमी असेल तर संग्रहासाठी वेगळी पॉलिसी मिळते. त्यासाठी यादी लागेल. वर्ष, कंपनी, नंबर, खेळाडू, कार्डाची अवस्था, पुढचा मागचा स्कॅन. तसेही प्रतींसाठी स्कॅन करणारच आहेस तर एकाच बैठकीत दोन्ही कर. स्कॅनरची काच आधी पुसून कोरडी कर आणि कार्ड स्लीव्हमधून काढून ठेव, झाकण दाबू नकोस. यादीची एक प्रत घराबाहेर, नवऱ्याच्या आईकडे किंवा क्लाउडवर.

त्या १९६६ च्या कार्डाचा मागचा स्कॅन १२०० डीपीआयला कर. पेन्सिल घासली की पुसट होते, म्हणून त्याला वेगळी पॉलिएस्टर स्लीव्ह दे, आणि पोराच्या बाइंडरमधे ते जाऊ देऊ नकोस. स्कॅन मोठा करून रेघोट्या मोजा, त्या वर्षी त्याचे २०२ हिट होते. कमी भरल्या तर बघा कुठल्या महिन्यापर्यंत मोजल्यात, मॅचनिहाय आकडे ऑनलाइन मिळतात.

मृण्मयी_पिट्सबर्ग:

मुलगा आत्ताच भिंग घेऊन बसलाय. स्लीव्ह आणि आठ खिशांची पानं ऑर्डर केली, कॉन्झर्व्हेटरला मेल टाकली. फ्रेमचा नकाशा काढला की इथेच टाकते, १९६० ची जागा जमतेय का बघून सांगा.